आयरिश पबमधील जेवण

आयर्लंडमधील पबमध्ये मिळणारे साधे, गरम आणि पोटभरीचे जेवण, तसेच ते मागवण्याच्या व खाण्याच्या तिथल्या रीती. पब जुने असले तरी त्यांतले जेवण बरेच अलीकडचे आहे. अथलोन येथील शॉन्स बार आपला इतिहास इ. स. ९०० पर्यंत नेतो आणि डब्लिनचे ब्रेझन हेड ११९८ हे साल सांगते. पण विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सर्वसाधारण पबमध्ये जेवायला म्हणून सहसा कोणी जात नसे. लोक घरी जेवायचे आणि मग गप्पांसाठी पब गाठायचे. आज पबच्या फळ्यावर खडूने लिहिलेले पदार्थ बहुतेक घरगुती स्वयंपाकातले आहेत. आधी घराच्या चुलीवर शिजणारे अन्न पुढे काउंटरवर आले, आणि त्याला चवीइतकेच कायदेही कारणीभूत ठरले.

दुकानापासून काउंटरपर्यंत

एकोणिसाव्या शतकात आयर्लंडमधील बरेच पब म्हणजे मुळात किराणा दुकाने होती. पुढच्या बाजूला चहा, साखर, खारवलेले डुकराचे मांस विकायचे आणि आतल्या बाजूला दारू द्यायची, असा जोडधंदा चाले. लाकडी खणांच्या भिंती आणि उंच काउंटर ही त्या दुकानांचीच खूण होय. डिंगल या किनाऱ्यावरच्या गावात ही जोडी अजून पाहायला मिळते. तिथल्या डिक मॅक्समध्ये एका बाजूला चामडीकामाचे दुकान आहे, तर फॉक्सी जॉन्समध्ये खिळे-हातोड्यांच्या शेजारी बिअर मिळते. टिपररी परगण्यातील फेदर्ड गावचे मॅकार्थीज पब, उपाहारगृह आणि अंत्यविधीची व्यवस्था हे तिन्ही व्यवसाय एकाच छपराखाली करते.

दुकानात खाण्याची जिन्नस होती, पण स्वयंपाकघर नव्हते. त्यामुळे पबमधले पहिले खाणे थंड किंवा सुटे असे. दक्षिणेतल्या कॉर्क शहराकडे उकडलेले डुकराचे खूर कागदात गुंडाळून मिळत. पुढे त्याची जागा बटाट्याच्या वेफर्सनी घेतली. जो मर्फी यांनी १९५४ मध्ये डब्लिनात सुरू केलेल्या टेटो कंपनीचे चीज-कांदा चवीचे वेफर्स आजही पबचे हक्काचे खाणे आहे. पाकीट वरून उघडत नाहीत; बाजूच्या शिवणीवर फाडून ते टेबलाच्या मधोमध ताटलीसारखे पसरतात, म्हणजे सगळ्यांचे हात पोहोचतात. एकट्याने पाकीट हातात धरून खाणे तिथे जरा चमत्कारिकच वाटते.

कायदे आणि जेवणाची वाढ

१९२७ च्या मद्यविषयक कायद्याने गुड फ्रायडेला पब बंद ठेवणे बंधनकारक केले. डब्लिन आणि कॉर्कमध्ये रोज दुपारी अडीच ते साडेतीन पब बंद ठेवण्याची सक्तीही याच कायद्यातली. लोक तिला ‘होली अवर’, म्हणजे पवित्र तास, म्हणत. आठवड्यातल्या कामाच्या दिवसांपुरती ती १९८८ मध्ये उठली. गुड फ्रायडेची बंदी मात्र २०१८ पर्यंत टिकली.

त्याहून खोल परिणाम दोन गोष्टींचा झाला. २९ मार्च २००४ रोजी आयर्लंडने पबसह सर्व बंदिस्त कामाच्या ठिकाणी धूम्रपानाला बंदी घातली. संपूर्ण देशभर असा नियम लागू करणारा तो जगातला पहिला देश. धूर गेला तेव्हा पबमध्ये अन्नाचा वास येऊ लागला आणि मुलाबाळांसह कुटुंबे दुपारी येऊन बसू लागली. दुसरीकडे, मद्यपान करून गाडी चालवण्याविरुद्धचे नियम कडक झाले. २००६ पासून पोलीस रस्त्यात कुणालाही थांबवून श्वासचाचणी घेऊ लागले आणि २०११ मध्ये रक्तातील मद्याची कमाल मर्यादा खाली आणली गेली. ग्रामीण पबमालकाला केवळ पेयांवर धंदा रेटणे अवघड झाले आणि स्वयंपाकघर ही गरज बनली.

जेवणाला कायद्याने सर्वांत मोठे वजन दिले ते करोनाकाळात. १५ मार्च २०२० रोजी सर्व पब बंद झाले. २९ जूनला ते उघडले, पण जे किमान ९ युरोंचे ‘भरीव जेवण’ देत होते तेवढेच. नुसते पेय देणारे, तिथल्या बोलीत ‘वेट पब’, डब्लिन वगळता अन्यत्र २१ सप्टेंबरपर्यंत आणि डब्लिनात त्याहूनही बराच काळ बंद राहिले. अनेक जुन्या, चांगल्या पबांवर हा अन्याय होता असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे, कारण चूल नसणे हा त्यांचा दोष नव्हता, ती त्यांची रीत होती. पब बंद करण्याचा निर्णय झाला तेव्हा पंतप्रधानपदी लिओ वराडकर होते. त्यांचे वडील मूळचे सिंधुदुर्गातील मालवण तालुक्यातल्या वराड गावचे.

ताटात काय येते

दुपारच्या जेवणाचा कणा म्हणजे ‘कार्व्हरी’. काचेमागे भाजलेल्या गोमांसाचा, टर्कीचा आणि हॅमचा मोठा तुकडा ठेवलेला असतो. आचारी समोरच काप काढतो आणि ताट भरत जातो. त्यात कुस्करलेला बटाटा, भाजलेला बटाटा, गाजर, कोबी आणि वरून ग्रेव्ही येते. एकाच ताटात दोन प्रकारचे बटाटे पाहून परका माणूस चकित होतो, आयरिश माणसाला त्यात काही वावगे दिसत नाही. बटाट्याशी या देशाचे नाते सुखाचे तितकेच दुःखाचेही आहे. १८४५ नंतर बटाट्यावर पडलेल्या रोगाने आलेल्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसे मेली आणि तेवढीच देश सोडून गेली.

आयरिश स्टू हा मटण, बटाटा व कांदा यांचा पातळसर रस्सा. गिनेस ही काळी आयरिश बिअर घालून मंद आचेवर शिजवलेला गोमांसाचा स्टू त्याहून गडद आणि किंचित कडवट. डब्लिनचे खास म्हणजे ‘कॉडल’. यात सॉसेज, बेकन (खारवलेले डुकराचे मांस), कांदा आणि बटाटे पाण्यात शिजवतात, काही परतत नाहीत. त्यामुळे ते फिकट दिसते आणि पाहुणे नाक मुरडतात. ग्लासनेव्हिन दफनभूमीला लागून असलेले जॉन कॅव्हनाज, लोकांच्या तोंडी ‘ग्रेव्हडिगर्स’, कॉडलसाठी नावाजलेले आहे. १८३३ पासूनच्या या पबमध्ये टीव्ही नाही, संगीतही नाही. रंगावरून पदार्थ पारखू नये हे तिथे पहिल्या चमच्यातच पटते.

पश्चिम किनाऱ्यावर समुद्र ताटात येतो. धुरावलेला हॅडक, सामन हे मासे, शिंपले आणि साय घालून केलेला चाउडर, म्हणजे दाटसर सूप, खोलगट वाडग्यात येतो, सोबत लोणी आणि तपकिरी सोडा ब्रेडचे दोन जाड काप. या पावात यीस्ट नसते. सोडा आणि ताक यांच्या संयोगाने तो फुगतो, म्हणून आंबवण्याची वाट न पाहता भाकरीसारखा रोजच्या रोज करता येतो. आयर्लंडच्या मऊ गव्हाला तो मानवतो. गॉलवेच्या खाडीतली चपटी देशी कालवे सप्टेंबर ते एप्रिल या काळात खातात. ती कच्चीच, लिंबू पिळून, सोडा ब्रेड आणि स्टाउट या काळ्या बिअरबरोबर खायची. गॉलवेचा कालवे-महोत्सव १९५४ मध्ये सुरू झाला.

या सगळ्यांत पबचा खरा स्वतःचा पदार्थ कोणता, तर टोस्टेड सँडविच. हॅम, चीज, टोमॅटो आणि कांदा पांढऱ्या पावात घालून, उष्णता सोसणाऱ्या पिशवीत सरकवून काउंटरमागच्या छोट्या भट्टीत तापवायचे. आचारी लागत नाही, एक भट्टी पुरते. डब्लिनच्या साउथ विल्यम स्ट्रीटवरील ग्रोगन्समध्ये ते मोहरीबरोबर मिळते आणि तिथे बसणाऱ्यांना दुसरे काही लागतही नाही.

रीतिरिवाज

जुन्या पबात वेटरची वाट पाहत बसू नये. काउंटरवर जाऊन मागवावे, टेबल कुठले ते सांगावे, ताट टेबलावर येते. गिनेसचा ग्लास दोन टप्प्यांत भरतात. तिरका धरून पाऊण भरायचा, फेस बसू द्यायचा, मग वरचा भाग भरायचा. या दोन मिनिटांत जेवण सांगून होते. मंडळी मिळून आली असतील तर पेये पाळीपाळीने एकेकजण सगळ्यांसाठी मागवतो; आपली पाळी चुकवणाऱ्याचे नाव लोक विसरत नाहीत. जेवणाचे पैसे मात्र वेगवेगळे दिले तरी चालतात. काउंटरवर बक्षिशी देण्याची पद्धत नाही, टेबलावर वाढले असेल तर दहा टक्क्यांच्या आसपास ठेवतात.

स्वयंपाकघर बहुधा रात्री नऊच्या सुमारास बंद होते. अठरा वर्षांखालील मुलांनाही रात्री नऊनंतर, मे ते सप्टेंबर या महिन्यांत दहानंतर, पबमध्ये थांबता येत नाही. त्याच सुमारास कोपऱ्यात फिडल (व्हायोलिन) आणि बासऱ्या निघतात. पारंपरिक संगीताची बैठक आणि जेवण या दोन्हींसाठी यायचे असेल तर सातला येऊन जेवून घेणे आणि जागा धरून ठेवणे शहाणपणाचे.

शाकाहारी आणि भारतीय पाहुणे

शाकाहाऱ्याने ‘आजचे सूप’ मागवण्यापूर्वी ते कोणत्या पाण्यात शिजवले आहे हे विचारावे, कारण भाज्यांच्या सुपातही कोंबडीचे पाणी असू शकते. कोबीही अनेकदा बेकनच्याच पाण्यात उकडतात. गहू, दूध, अंडी, कवचधारी मासे आदी १४ अ‍ॅलर्जीकारक घटकांची लेखी माहिती देणे मात्र कायद्याने बंधनकारक आहे, ती जरूर मागावी. भारतीयाला ओळखीचा वाटणारा पदार्थही फळ्यावर सापडतो, तो म्हणजे चिकन करी, ‘हाफ अँड हाफ’. पिवळसर, गोडसर, पिठाने दाट केलेल्या रश्शाशेजारी अर्धा भात आणि अर्धे बटाट्याचे चिप्स. मालवणी जिभेला ती अळणी वाटेल, पण आयर्लंडात ती आता कुणाला परकी वाटत नाही.

देशाबाहेर

१९९० च्या दशकात आयरिश पब कंपनीने गिनेसच्या साथीने तयार नमुन्यांचे पब जगभर उभारले. लाकूडकाम, काच, जुने फलक सारे आयर्लंडातून पाठवले जाई. जेवण मात्र त्या त्या देशाचे होत गेले. अमेरिकेत ‘आयरिश’ म्हणून वाढले जाणारे कॉर्न्ड बीफ आणि कोबी हे त्याचे आधीपासूनचे उदाहरण आहे. खारवलेले गोमांस कॉर्कहून शेकडो वर्षे निर्यात होई, पण गरीब आयरिश माणसाच्या घरी ते क्वचितच शिजे. न्यूयॉर्कला गेलेल्या स्थलांतरितांना ज्यू खाटकांकडे ते परवडणाऱ्या दरात मिळाले आणि त्यांनी ते बेकनच्या जागी शिजवले. आयर्लंडमधल्या पबात मागाल तर आजही बेकन-कोबीच पुढे येण्याची शक्यता जास्त, वर पार्सलीचा पांढरा सॉस घातलेला.