मकबरा बेगमेचा, कबर औरंगजेबाची

औरंगजेबाच्या कबरीवरून वाद पेटला की व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या मजकुराला हमखास फोटो जोडलेला असतो तो बीबी का मकबऱ्याचा. पांढरा घुमट, चार मिनार, समोर कारंज्यांची रांग. तिथे औरंगजेब नाही. तिथे त्याची बेगम दिलरस बानू आहे. तो स्वतः छत्रपती संभाजीनगरपासून साधारण पंचवीस किलोमीटरवर, खुलताबादला आहे.

मकबरा तुम्ही शाळेच्या सहलीत तरी पाहिला असेल, म्हणून त्याबद्दल एवढंच: "मुलाने आईसाठी बांधला" हे वाक्य आता सोडून द्या. दिलरस बानू १६५७ मध्ये वारली, बांधकाम १६६०-६१ च्या सुमारास पुरं झालं आणि तिचा मुलगा आझमशहा जन्मला १६५३ मध्ये. सात-आठ वर्षांचं पोर मकबरा बांधत नाही. तो औरंगजेबाच्याच कारकिर्दीत, त्याच्याच पैशाने उभा राहिला.

खरी गफलत शब्दांत आहे. माणूस पुरला ती जागा म्हणजे कबर, आणि त्या कबरीवर उभारलेली इमारत म्हणजे मकबरा. मकबऱ्यात कबर असते, पण प्रत्येक कबरीवर मकबरा नसतो. औरंगजेबाला कबर आहे, मकबरा नाही. अहमदनगरजवळ, म्हणजे आजच्या अहिल्यानगरजवळ, १७०७ मध्ये तो मेला. त्याच्याच इच्छेनुसार देह शंभरहून अधिक किलोमीटर नेऊन सूफी संत शेख झैनुद्दीन शिराझी यांच्या दर्ग्याच्या आवारात पुरला. वर छप्पर नाही. मातीत सब्जा लावलेला. भोवतीची संगमरवरी जाळीसुद्धा विसाव्या शतकातली, हैदराबादच्या निजामाच्या राजवटीत बसवलेली.

हा फरक कळला नाही की साधेपणाचे दोन उलटे अर्थ निघतात आणि दोन्ही मला सारखेच खटकतात. एक म्हणतो, मराठ्यांनी तिजोरी रिकामी केली म्हणून घुमट बांधायला पैसा उरला नाही. दुसरा म्हणतो, पाहा, बादशहा असून किती फकिरी वृत्तीचा! पण औरंगजेबाची बहीण जहाँआरा १६८१ मध्ये वारली. दिल्लीत निजामुद्दीन औलियांच्या दर्ग्यात तिचीही कबर अशीच उघड्या आभाळाखाली आहे, आणि तेव्हा दख्खनची लढाई त्याच्या गळ्यात पडायची होती. संताच्या पायाशी, बिनछपराची कबर मागण्याची ही रीत त्या घराण्यात आधीपासूनच होती. मराठ्यांनी त्याला पाव शतक झुंजवलं ही गोष्ट सोळा आणे खरी. तिचा पुरावा जिंजीच्या वेढ्यात शोधा, रायगड पडल्यावरही न थांबलेल्या लढ्यात शोधा. या मातीच्या उंचवट्यात तो नाही. आणि सब्जाच्या रोपावरून माणसाला सज्जनपणाचा दाखला देणाऱ्यांनी आठवावं, की बापाला कैदेत टाकणारा, १६५९ मध्ये थोरला भाऊ दारा शुकोह याला मारवणारा, १६७९ मध्ये बिगरमुस्लिमांवरचा जिझिया कर पुन्हा लादणारा आणि १६८९ मध्ये संभाजी महाराजांची हाल हाल करून हत्या करवणारा हाच माणूस आहे. हे सगळं ठाऊक असूनही तिथे जाता येतं. मी गेलो आहे. कबर पाहणं म्हणजे तिला मुजरा करणं नव्हे.

"औरंगजेबाची समाधी" हा शब्दप्रयोगही टाळा, समाधी वढू बुद्रुकला आहे, संभाजी महाराजांची. आणि "औरंगजेबाचा दर्गा" तर नाहीच नाही. दर्गा झैनुद्दीन यांचा. चादर आणि फुलं घेऊन आत जाणारा भाविक संताकडे आलेला असतो. त्याच्याकडे बादशहाचा भक्त म्हणून पाहणं हा त्याच्यावर अन्याय आहे, आणि या घोटाळ्यातला हाच भाग मला सर्वांत जास्त लागतो.

खुलताबादला जाऊन मकबराच पाहायचा असेल तर मलिक अंबरचा पाहा. ज्याने जहांगीरच्या फौजांना वर्षानुवर्षं दख्खनमध्ये पाय रोवू दिले नाहीत, त्या अहमदनगरच्या निजामशाहीच्या वजिराच्या कबरीवर भलाथोरला घुमट आहे. दर्ग्यापाशी गर्दी असते. इथे बहुतेक वेळा तुम्ही एकटेच असता.