स्थिर नारिंगी दिवा आणि लुकलुकणारा नारिंगी दिवा

गेल्या पावसाळ्यात नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्याच्या सर्व्हर-खोलीत बारा डिस्कच्या स्टोरेजवर दोन नारिंगी दिवे दिसत होते: चौथ्या खणातला स्थिर आणि सातव्या खणातला भराभर लुकलुकणारा. सोबतच्या तंत्रज्ञाचा हात सहजच सातव्या खणाच्या कडीकडे गेला, कारण लुकलुकणारा दिवा अधिक निकडीचा वाटतो.

त्या यंत्रावर अर्थ नेमका उलटा होता. स्थिर दिवा बिघाडाचा असतो, म्हणजे कंट्रोलरने (डिस्क सांभाळणाऱ्या भागाने) ती डिस्क निकामी ठरवून एकत्र काम करणाऱ्या डिस्कच्या गटातून वगळलेली असते. भराभर लुकलुकणारा दिवा शोधाचा असतो, आणि तो व्यवस्थापनाच्या सॉफ्टवेअरमधून ‘ही डिस्क कोणत्या खणात आहे ते दाखव’ अशी आज्ञा कोणीतरी दिल्यावर लागतो. थोडक्यात, पहिला यंत्राचा निष्कर्ष असतो, तर दुसरा माणसाने केलेली खूण. त्यामुळे शोधाचा दिवा लागलेली डिस्क अगदी ठणठणीत असू शकते. इथे आदल्या पाळीतील कोणीतरी तो लावून बंद करायला विसरला होता. गट रेड 5 (RAID 5) या पद्धतीचा होता, म्हणजे माहिती सगळ्या डिस्कवर वाटून ठेवलेली होती. त्यात एक डिस्क गेली तरी माहिती शाबूत राहते. पण चौथी गेलेली असताना सातवी ओढली असती, तर सगळा गटच कोलमडला असता.

लुकलुकण्याच्या वेगावर डोळे मिटून विसंबावे, तर तेही धोक्याचे. सुपरमायक्रो कंपनीच्या अनेक सर्व्हरवर हा दिवा लाल असतो. तिथे तो स्थिर असल्यास डिस्क निकामी, सेकंदाला एकदा लुकलुकल्यास रिबिल्ड (डिस्कवर माहिती पुन्हा उभारणे) चालू आणि चार वेळा लुकलुकल्यास शोध, असा संकेत आहे. डेलच्या पॉवरएज सर्व्हरवर मात्र सेकंदाला चार वेळा लुकलुकणारा नारिंगी दिवा म्हणजेच निकामी डिस्क, आणि शोधासाठी हिरवा दिवा सेकंदाला दोनदा लुकलुकतो. एचपीईने (ह्यूलेट पॅकार्ड एंटरप्राइझने) शोधाला निळा रंग दिला असून, ‘ही डिस्क काढू नका’ असे बजावणारा वेगळा पांढरा दिवाही ठेवला आहे. मला हीच मांडणी सर्वांत शहाणपणाची वाटते.

अंबडमध्ये आम्ही फोनवरच्या सहकाऱ्याला शोधाचे सगळे दिवे बंद करायला सांगितले. सातव्या खणातला दिवा लगेच विझला, चौथ्यातला तसाच राहिला. मग पडद्यावरचा सिरीयल नंबर त्याने वाचून दाखवला, तो चौथ्या खणाच्या लेबलावरील नंबराशी जुळला आणि त्यानंतरच आम्ही कडी उघडली.