लेकीचा सासरी छळ होतोय: माहेरच्यांना कायद्याने काय करता येतं?

'तक्रार मुलीने स्वतः येऊन द्यायला हवी,' असं सांगून आईवडिलांना परत पाठवलं जातं. हे खरं नाही. कौटुंबिक हिंसाचार कायदा, 2005 नुसार संरक्षण अधिकाऱ्याला (या कायद्याखाली सरकारने नेमलेला अधिकारी) कुणीही माहिती देऊ शकतं. संरक्षण, पोटगी अशा आदेशांसाठीचा कलम 12 चा अर्जही तिच्या वतीने दुसरी व्यक्ती न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे करू शकते. भारतीय न्याय संहितेच्या कलम 85 खाली (जुनं 498अ, नवरा किंवा सासरच्यांनी केलेला छळ) आई, वडील, भाऊ, बहीण पोलिसांत तक्रार देऊ शकतात.

मात्र मुलगी सज्ञान आहे, जबाब तिलाच द्यायचा आहे. तिला न विचारता अर्ज केला आणि कोर्टात तीच 'माझी काही तक्रार नाही' म्हणाली, तर अर्ज तिथेच संपतो आणि त्याचा राग घरी तिच्यावर निघतो. म्हणून आधी तिच्याशी एकटीशी बोला.

अर्ज सासरच्या गावीच करावा लागतो हा गैरसमज आहे. ती तात्पुरती माहेरी असली तरी तिथल्या कोर्टात चालतो.

लग्नाचं प्रमाणपत्र अनेकींकडे नसतंच. लग्नपत्रिका, फोटो, रेशनकार्ड, मुलांचे जन्मदाखले जोडा. दागिने, कागदपत्रं सासरी अडकली असतील तर ती परत मिळावीत अशी मागणी अर्जातच लिहा. संरक्षण अधिकाऱ्याचा घटना अहवाल, म्हणजे डीआयआर, आला नाही म्हणून महिनोन्महिने थांबू नका. तो नसला तरी कोर्ट आदेश देऊ शकतं, हे सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये स्पष्ट केलं आहे. पोटगी मागताना उत्पन्न आणि मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र सोबत द्या.

सगळ्यात जास्त घात होतो तो दवाखान्याच्या केसपेपरवर. नवरा शेजारी उभा असतो, ती 'बाथरूममध्ये घसरले' सांगते आणि तेच लिहिलं जातं. पुढे मारहाणीचा पुरावा म्हणून तोच कागद दाखवावा लागतो. शक्य असेल तर तिला वेगळं तपासायला सांगा, मारहाण झाली असेल तर तशी नोंद करून घ्या.

अर्जात 'सासरचे सगळे त्रास देतात' हे वाक्य नको. कुणी, केव्हा, काय केलं ते लिहा: 'गौरीच्या आदल्या रात्री दिराने फोन हिसकावला, नवऱ्याने पट्ट्याने मारलं.' मोघम आरोपांवर नातेवाइकांविरुद्धची प्रकरणं रद्द होतात.

पोलीस ठाण्यात 'घरगुती मामला' म्हणत नुसती एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) लिहून वाटेला लावतात. लेखी तक्रार द्या, पोच घ्या. गुन्हा नोंदवला नाही तर पोलीस अधीक्षकांना लेखी कळवा, तरीही हालचाल नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जा. माणसं पोच न घेता परततात आणि पुढे तक्रार दिली होती हेच सिद्ध करता येत नाही, याचं फार वाईट वाटतं.

कलम 12 च्या अर्जाबाबत कायद्यात असलेली 60 दिवसांची मुदत कोर्टाने निकालासाठी ठेवायची आहे, तुमच्या अर्जासाठी नाही. प्रत्यक्षात तारखा लांबतात, म्हणून याच कायद्याच्या कलम 23 खाली अंतरिम (निकालापर्यंतचा तात्पुरता) आदेश पहिल्याच अर्जात मागा. कलम 85 च्या गुन्ह्याच्या तक्रारीला तीन वर्षांची मुदत आहे. कलम 12 च्या अर्जाला ती लागत नाही.

वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. महिलांना उत्पन्नाची अट नाही. तातडीला 112, सल्ल्याला 181.

तिला कोंडून ठेवलं असेल तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे शोध वॉरंट मागता येतं. आणि ती आज नको म्हणाली, तरी तिच्या केसपेपरच्या, फोटोंच्या आणि मेसेजच्या प्रती तिच्या संमतीने आपल्याकडे ठेवा. मूळ फोनमधलं काहीही पुसू देऊ नका.