सीबी सेट किती लांब पोचतो? घेण्याआधी हे वाचा

दुकानात येणाऱ्यांचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो: "याची रेंज किती?" सीबी म्हणजे सिटिझन बँड, परवान्याशिवाय एकमेकांशी बोलायचा वॉकीटॉकीसारखा रेडिओ. त्याच्या खोक्यावरचा मोठा आकडा वाचून कुणी पैसे मोजू नयेत, म्हणून हे पत्रक.

आधी नियम, कारण रेंज तिथूनच ठरते. भारतात २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झ हा सिटिझन बँड विनापरवाना वापरता येतो, पण जास्तीत जास्त ५ वॉट आणि सेटचीच अंगची अँटेना एवढ्याच मर्यादेत. परदेशातले लोक गच्चीवर उंच काठी उभारून किंवा ट्रकच्या टपावर लांबलचक अँटेना लावून बोलतात, ते व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. तशी जोडणी आपल्याकडे या सवलतीत बसत नाही, म्हणून ती आम्ही विकत नाही. नातेवाइकांनी अमेरिकेतून ४० चॅनेलचा सेट आणला असेल, तर त्यातले १ ते २७ चॅनेल आपल्या पट्ट्यात येतात आणि २८ पासूनचे बाहेर जातात.

आता प्रत्यक्षात काय मिळतं? सिमेंटच्या इमारतींच्या वस्तीत १ ते २ किलोमीटर धरून चाला. मोकळ्या सपाट शिवारात ३ ते ५. गाडीत काचा लावून बसलात तर याहून बरंच कमी, कारण पत्रा लहरी अडवतो. खाली उतरून, अँटेना पूर्ण ओढून, सेट उभा धरून बोला. फरक लगेच कळेल.

डोंगरावर हिशेब पार बदलतो. राजगडाच्या संजीवनी माचीवरून तोरण्याची बुधला माची समोर दिसते, मध्ये काही आडवं येत नाही, त्यामुळे तिथे बोलणं चांगलं होण्याची आशा ठेवायला हरकत नाही. त्याच संजीवनीवरून पायथ्याच्या गुंजवण्यात थांबलेल्या मित्राशी बोलायचं तर बालेकिल्ला आड येतो. गाव जवळ असूनही आवाज तुटेल किंवा येणारच नाही. नकाशावरचं अंतर मोजण्याआधी मध्ये काय आहे ते बघा.

"जास्त वॉटचा द्या" असं बरेच जण म्हणतात. वॉट चौपट केले तरी समोरच्याच्या सेटवर सिग्नलची ताकद दाखवणारा काटा जेमतेम एक घर चढतो, आणि वर ते बेकायदा. खरी अडचण अँटेनाची आहे. या लहरीची लांबी सुमारे ११ मीटर, म्हणजे चतुर्थांश लांबीची अँटेनासुद्धा पावणेतीन मीटर हवी. हातातल्या सेटवर ती वीतभर किंवा हातभर असते, आणि ताकदीचा मोठा भाग तिथेच वाया जातो. ऐकू येण्याच्या बाजूला घरातला गोंगाट असतो: स्वस्त एलईडी दिवे, इन्व्हर्टर, चार्जर. खरखर फार असेल तर एकेक बंद करून बघा.

सीबीवर हजारो किलोमीटरवर बोलणं झाल्याचं तुम्ही ऐकलं असेल; ते खोटं नाही. जमिनीपासून २५० ते ४०० किलोमीटर उंचीवरचा वातावरणाचा विद्युतभारित थर सूर्य जोरात असताना २७ मेगाहर्ट्झच्या लहरी खाली परतवतो आणि त्या हजार-दोन हजार किलोमीटरवर, कधी त्याहून लांब उतरतात. गोफणीच्या दगडासारख्या त्या मधल्या मुलखावरून जातात, म्हणून परका आवाज स्पष्ट येत असताना शेजारच्या तालुक्यातला मात्र मिळत नाही. सूर्याचा हा जोर त्याच्यावरच्या काळ्या डागांवरून कळतो; हे सौर डाग साधारण ११ वर्षांच्या चक्राने वाढतात आणि घटतात. २०२४ मध्ये हे चक्र शिखरावर असल्याचं नासाने जाहीर केलं. उतार लागला की असे दिवस विरळ होतात. उन्हाळ्यात सुमारे १०० किलोमीटर उंचीवरचा दुसरा एक थरही अचानक साथ देतो, तासाभरात निघूनही जातो. हे सगळं दिवसाउजेडी ऐकत राहण्याच्या आनंदाचं आहे, भरवशाचं नाही. आणि ऐकू आलं म्हणजे तुमचं तिकडे पोचेल असंही नाही. तिकडच्याची अँटेना तुमच्या सेटपेक्षा कितीतरी सरस असू शकते.

ट्रेकला जाणाऱ्यांना कळकळीने सांगतो: सीबीवर मदतीसाठी कुणीतरी कायम ऐकत बसलंय, असं गृहीत धरू नका. अडचणीत मोबाइलवरून ११२ लावा आणि निघण्याआधी घरी वाट सांगून ठेवा.

लांबचं बोलण्याचीच ओढ असेल तर हॅम रेडिओची, म्हणजे परवाना घेऊन छंद म्हणून चालवायच्या रेडिओची, परीक्षा द्या. वयाची १२ वर्षं पूर्ण झाली की बसता येतं, आणि परवाना मिळाला की बाहेरची अँटेना रीतसर उभारता येते. अशा ग्राहकाला आम्ही सीबी सेट गळ्यात मारणार नाही.

शेत, बांधकामाची साइट, गाड्यांचा ताफा किंवा ट्रेकचा गट यांसाठी हवा असेल, तर दोघं मिळून या. दोन्ही सेट एकाच पद्धतीचे हवेत; एएम आणि एफएम या लहरीवर आवाज चढवण्याच्या दोन वेगळ्या पद्धती, म्हणून एक एएम आणि दुसरा एफएम चालत नाही. जोडी तुमच्याच जागेवर नेऊन बोलून बघा, पटलं तर पैसे द्या.