सेंट अँड्र्यूजचा ओल्ड कोर्स

स्कॉटलंडमध्ये फाइफ भागात समुद्राला लागून असलेलं हे गोल्फचं मैदान. गंमत म्हणजे कोणा एका आर्किटेक्टने हे बनवलेलंच नाही. समुद्र मागे हटला, वाळूच्या टेकड्यांवर बारीक गवत उगवलं, मेंढ्या चरल्या, सशांनी बिळं केली आणि त्यातच लोक खेळत राहिले. 1457 मध्ये राजा दुसऱ्या जेम्सने तर गोल्फवर बंदीच घातली होती, कारण पोरं धनुर्विद्येचा सराव सोडून हेच करत बसायची. 1552 मध्ये आर्चबिशप हॅमिल्टनने गावकऱ्यांचा इथे खेळायचा हक्क लेखी मान्य केला, आणि आजही ही जागा खाजगी क्लबची नाही, सार्वजनिकच आहे.

गोल्फच्या एका फेरीत 18 होल असतात, होल म्हणजे पहिल्या फटक्यापासून चेंडू भोकात जाईपर्यंतचा एक टप्पा; हा 18 चा आकडा इथूनच आला. आधी 11 होल जाताना आणि तेच 11 परत येताना असे 22 व्हायचे, मग 1764 मध्ये सुरुवातीच्या चार छोट्या होलचे दोन केले, दोन्ही बाजूंनी दोन-दोन कमी झाले आणि उरले 18. म्हणजे फार विचार करून वगैरे काही ठरवलेलं नाही!

जाता-येता एकच होल वापरल्यामुळे समोरासमोरचे खेळाडू एकमेकांना अडायचे, म्हणून पुढे ग्रीन, म्हणजे भोकाभोवतीची बारीक कापलेल्या गवताची जागा, रुंद करून त्यात दोन-दोन भोकं पाडली. आज असे सात जोड ग्रीन आहेत, जाताना पांढरा झेंडा, येताना लाल. जोडीतल्या दोन नंबरांची बेरीज करून बघा, दुसरा-सोळावा, पाचवा-तेरावा, कुठलीही घ्या, 18 च येते. 1865 पासून मैदान सांभाळणाऱ्या ओल्ड टॉम मॉरिसने पहिलं आणि अठरावं ग्रीन नव्याने बांधलं. पूर्वी फेरी घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने जायची, आता नेमकी उलटी.

बंकर, म्हणजे वाळूचे खड्डे, 112, त्यातले कितीतरी टी वरून, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागेवरून, दिसतच नाहीत. चौदाव्यावरचा हेल बंकर आकाराने अवाढव्य, पण माझ्या मते खरा छळ सतराव्यावर, रोड होलवर. टी वरून पहिलाच फटका हॉटेलच्या शेडवरून मारायचा, समोर काय आहे ते दिसतही नाही, आणि पुढे ग्रीनच्या एका अंगाला खोल खड्ड्यासारखा बंकर, दुसऱ्या अंगाला चक्क रस्ता, त्यापलीकडे दगडी भिंत. 1978 च्या ओपन या मोठ्या स्पर्धेत जपानचा टॉमी नाकाजिमा ग्रीनवर पोचला होता, पण तिथून भोकाकडे हलकेच मारलेला त्याचा चेंडू घरंगळत त्या बंकरमध्ये गेला, बाहेर काढायला चार फटके लागले आणि त्या एका होलवर स्कोअर झाला 9 फटके.

रविवारी मात्र एरवी खेळ बंद, त्या दिवशी फेअरवेवर, म्हणजे टी आणि ग्रीनमधल्या गवताच्या पट्ट्यावर, गावकरी कुत्री फिरवतात.