रजोनिवृत्तीपूर्व संक्रमणकाळ

पाळी कायमची थांबण्याआधी काही वर्षे बीजकोशांचे काम अनियमित होऊ लागते. या काळाला रजोनिवृत्तीपूर्व संक्रमणकाळ किंवा पेरिमेनोपॉज म्हणतात. सलग 12 महिने पाळी आली नाही की रजोनिवृत्ती झाली असे धरतात. भारतात ती सरासरी 46-47व्या वर्षी येते, म्हणजे पाश्चात्त्य देशांपेक्षा चार-पाच वर्षे आधी. त्यामुळे चाळिशीच्या उंबरठ्यावरच लक्षणे दिसू लागली, तर त्यात नवल नाही.

अंगातून गरम वाफा निघणे हे लक्षण सर्वांना ठाऊक असते, पण बहुतेकींना पहिली चाहूल लागते ती पाळीच्या अंतरातून. एका पाळीच्या पहिल्या दिवसापासून पुढच्या पाळीच्या पहिल्या दिवसापर्यंतचे दिवस मोजावेत. लागोपाठच्या दोन अंतरांत 7 किंवा अधिक दिवसांचा फरक पडला (28 नंतर एकदम 20) आणि पुढच्या दहा पाळ्यांत तसे पुन्हा घडले, तर संक्रमण सुरू झाले असे समजतात. दोन पाळ्यांतले अंतर 60 दिवस किंवा त्याहून जास्त होऊ लागले की संक्रमणाचा उत्तरार्ध. कॅलेंडरवर तारीख, किती पॅड लागले, गुठळ्या पडल्या का आणि झोप कशी लागली, एवढे तीन महिने टिपून ठेवले तर डॉक्टरांना त्याचा रक्ततपासणीपेक्षा जास्त उपयोग होतो. बीजकोशांना चालना देणाऱ्या एफएसएच या संप्रेरकाची (हार्मोनची) रक्तातील पातळी या काळात सतत वरखाली होते. पंचेचाळिशीनंतर निदानासाठी तिच्या तपासणीची सहसा गरज नसते. चाळिशीच्या आत पाळी बंद पडत असेल तर मात्र ही तपासणी करावीच.

इस्ट्रोजेन हे बीजकोशांत तयार होणारे संप्रेरक सरळ रेषेत घटत नाही, मधूनच उसळते. म्हणून स्तन दुखतात, चिडचिड होते, पहाटे तीनला जाग येते. ज्या महिन्यात बीज सुटत नाही, त्या महिन्यात अस्तराची वाढ आवरणारे प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक तयार होत नाही. गर्भाशयाचे अस्तर जाड होत राहते आणि मग अंगावरून खूप जाते. ‘पाळी जायची वेळ आली, असे व्हायचेच’ म्हणून हे अंगावर काढणे हीच इथली सर्वांत महागात पडणारी चूक. तासा-दोन तासाला पॅड भिजणे, 7 दिवसांपेक्षा जास्त रक्तस्राव, दोन पाळ्यांच्या मध्ये किंवा संबंधानंतर डाग दिसणे, यांपैकी काहीही झाले तर हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातील लोहाचा साठा), टीएसएच (थायरॉइडची तपासणी) आणि सोनोग्राफी करावी. पंचेचाळिशीपुढे गरजेनुसार अस्तराची बायोप्सीही (छोटा तुकडा काढून तपासणी). थकवा आणि धडधड थायरॉइडमुळे किंवा रक्तक्षयामुळेही होते.

जास्त रक्तस्रावावर ट्रॅनेक्झॅमिक आम्ल (साधारण 1 ग्रॅम, दिवसातून तीनदा, पाळीचे चार-पाच दिवस, पूर्वी रक्तवाहिनीत गुठळी झाली असल्यास नको) किंवा लेव्होनॉरजेस्ट्रेल हे प्रोजेस्टेरॉनसारखे संप्रेरक सोडणारे, गर्भाशयात बसवायचे साधन देतात. गर्भाशय काढणे हा पहिला उपाय नव्हे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांवर गरज नसताना झाल्याचा आरोप असलेल्या अशा शस्त्रक्रियांचा प्रश्न 2019 मध्ये राज्यभर गाजला. बीजकोश ठेवले तरी गर्भाशय काढल्यावर रजोनिवृत्ती लवकर येऊ शकते.

वाफांचा त्रास फार असेल तर संप्रेरक उपचार सर्वांत परिणामकारक. गर्भाशय असलेल्या स्त्रीला नुसते इस्ट्रोजेन देत नाहीत. सोबत प्रोजेस्टेरॉन लागते, नाहीतर अस्तराच्या कर्करोगाचा धोका वाढतो. स्तनाचा कर्करोग झालेल्यांना हा उपचार सहसा देत नाहीत. त्यांच्यासाठी वेगळी औषधे आहेत, पण टॅमॉक्सिफेन (स्तनाच्या कर्करोगावरचे औषध) सुरू असेल तर पॅरोक्सेटिन (नैराश्यावरचे औषध, वाफांवरही देतात) टाळतात, कारण त्याने टॅमॉक्सिफेनचा परिणाम घटतो.

पाळी चुकू लागली तरी दिवस राहू शकतात. शिवाय रजोनिवृत्तीसाठी दिलेल्या संप्रेरक गोळ्यांनी गर्भधारणा टळत नाही. पन्नाशीच्या आत शेवटची पाळी आली असेल तर त्यानंतर 2 वर्षे आणि पन्नाशीनंतर 1 वर्ष गर्भनिरोधक वापरावे.