बुरुजापेक्षा उंच मावळा

दिवाळीच्या सुट्टीत अलिबागला आमच्या अंगणात किल्ला व्हायचा. लाल माती, जांभ्याचे तुकडे, भिजवलेली गोणपाटं, उतारावर पेरलेले अळीव. सिंहासनावर महाराज, पायऱ्यांवर मावळे, दरवाजात तोफ आणि पायथ्याशी, का कोण जाणे, दरवर्षी एक दळण दळणारी बाई. मूळचे मालवणचे आजोबा ओसरीवर बसून एकच खोडी काढायचे, "रे, ह्यो मावळो बुरजापेक्षा उंच कसो?" उत्तर कुणाकडे नव्हतं. कुंभाराकडे मिळाला तेवढ्या उंचीचा मावळा आणला, माती पुरली तेवढा बुरूज झाला.

पुढे युद्धाचा देखावा मापात उभा करायचा नाद लागला, तेव्हा कळलं की आजोबांचा प्रश्न हाच या छंदाचा पहिला धडा. दुसरा त्यांनी कधी विचारला नाही: किल्ल्यात वाजले किती? वेढा पडतोय की उठतोय? अंगणातल्या किल्ल्याला घड्याळ नसतं. युद्धाच्या देखाव्यात मात्र कुठला तरी एकच क्षण धरावा लागतो, आणि धरला की त्याची किंमत मोजावी लागते.

आपल्या किनाऱ्यावर ही अडचण कोरक्यांनी फार आधी, आपल्या परीने सोडवली होती. उत्तर कोकणात, आजच्या बोरिवलीतल्या एकसरला वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मरणाचे कोरीव दगड आहेत, माणसापेक्षा उंच. त्यांवर वल्ह्यांच्या ओळी असलेली जहाजं एकमेकांवर चालून जाताना दिसतात. तेराव्या शतकात शिलाहार राजा सोमेश्वर आणि देवगिरीचा यादव महादेव यांच्यात झालेल्या आरमारी लढाईशी अनेक अभ्यासक त्यांचा संबंध जोडतात. वीरगळ खालून वर वाचायचा असतो. तळाच्या पट्टीत लढाई, मधे वीराचं मरण, वर कैलास. एका दगडात तीन-चार वेळा मावतात, त्यामुळे कोरक्याला क्षण निवडावा लागत नाही. जहाजापेक्षा योद्धा मोठा असला तरी कुणाला खटकत नाही. आमच्या अंगणातला मावळा त्याच घराण्यातला.

मापात मांडलेल्या अशा देखाव्याला म्हणतात तो 'डायोरामा' हा शब्द मात्र पार निराळ्या घरातून आला. १८२२ साली पॅरिसमध्ये लुई दागेर आणि शार्ल बूतों यांनी या नावाचं प्रेक्षागृह उघडलं. त्यात पुतळा एकही नव्हता. अर्धपारदर्शक कापडावर रंगवलेली अवाढव्य चित्रं होती, आणि त्यांच्यावर पुढून-मागून उजेड पाडून सकाळची संध्याकाळ करायची. हाच दागेर पुढे छायाचित्रणाचा एक जनक ठरला. त्याचं प्रेक्षागृह १८३९ मध्ये जळालं, शब्द तेवढा उरला आणि हळूहळू पुतळ्यांच्या देखाव्याला चिकटला.

मापात बांधलेले किल्ले त्याहून जुने. फ्रान्सच्या चौदाव्या लुईच्या काळात, १६६८ पासून, सरहद्दीवरच्या किल्ल्यांच्या लाकडी प्रतिकृती बहुतेक १/६०० या मापात करायला सुरुवात झाली. त्या शोभेच्या नव्हत्या. तोफा कुठून लागू पडतील, तट कुठे कच्चा आहे, हे राजवाड्यात बसून पाहण्याचं ते साधन होतं, म्हणून त्या बाहेरच्यांच्या नजरेपासून जपल्या जात. इकडे त्याच सुमारास मालवणच्या समोर कुरटे बेटावर सिंधुदुर्ग नुकताच बांधून झाला होता.

बाहुल्या आल्या त्या जर्मनीतून. न्यूर्नबर्गच्या कारागिरांनी अठराव्या शतकात कथलाचे चपटे शिपाई ओतायला घेतले. एका बाजूने पाहिले तर शिपाई, कडेने पाहिले तर पत्रा. पुढच्या शतकात तिथेच ३० मिलिमीटर उंचीचं माप रुळलं आणि एका कारखान्याचा शिपाई दुसऱ्याच्या पलटणीत शोभू लागला. माप ठरणं ही गोष्ट वाटते त्याहून मोठी आहे. त्याआधी प्रत्येक पेटीतलं सैन्य आमच्या किल्ल्यासारखंच होतं.

आता विल्यम सायबॉर्न. या माणसापाशी थोडं थांबतो, कारण माझ्या मते आजचा युद्धदेखावा त्याच्यापासून सुरू होतो. ब्रिटिश लष्करातल्या या लेफ्टनंटला १८३० मध्ये वॉटर्लूच्या, म्हणजे ब्रिटिश आणि प्रशियन फौजांनी नेपोलियनला हरवलं त्या रणभूमीची प्रतिकृती करायचं काम मिळालं. तो तिथल्याच एका शेतवाडीवर आठ महिने राहिला आणि बांध, उतार, पिकं मोजत फिरला. मग लढाईतून वाचलेल्या अधिकाऱ्यांना त्याने पत्रं लिहिली: १८ जून १८१५ च्या संध्याकाळी, सातच्या सुमारास, तुमची तुकडी कुठे होती? समोर कोण होतं? शेतात पीक कुठलं होतं? शेकडो उत्तरं आली. ती सगळी एकमेकांशी जुळणं शक्यच नव्हतं, पण त्यांतून त्याने सातचा क्षण उभा केला. प्रतिकृती जवळजवळ १९ फूट लांब-रुंद, एका मैलाला ९ फूट या मापाची, आणि तिच्यात ७०,००० हून अधिक धातूचे शिपाई.

क्षण धरला आणि सायबॉर्नचं ग्रहमान फिरलं. त्या घटकेला प्रशियन सैन्य किती पुढे आलं होतं हे मांडलं, की विजय कुणाचा हा प्रश्न आपोआप उभा राहतो. ब्रिटिश बाजूचा सेनापती ड्यूक ऑफ वेलिंग्टनला ती मांडणी पसंत पडली नाही. सरकारी पैसा मधेच बंद झाला होता, सायबॉर्न कर्जात रुतला आणि शेवटी त्याने प्रशियन पुतळ्यांपैकी बरेच काढून टाकले. १८३८ मध्ये लंडनला प्रदर्शन भरलं, लोकांनी गर्दी केली, कर्ज काही फिटलं नाही. प्रतिकृती आज तिथल्या राष्ट्रीय लष्कर संग्रहालयात आहे.

एक गंमत त्याच्या हिशेबात लपलेली आहे. मैलाला ९ फूट म्हणजे साधारण १/५८७. त्या मापात माणूस जेमतेम ३ मिलिमीटर भरतो. सायबॉर्नचे शिपाई जवळपास १ सेंटिमीटर उंच आहेत, आणि एक पुतळा दोन माणसांचा धनी आहे. पिकं मोजणाऱ्या माणसाचाही मावळा बुरुजापेक्षा उंचच निघाला. आजोबांना हे ऐकवायला हवं होतं.

पुढची शंभर-सव्वाशे वर्षं कारखान्यांची. १८९३ मध्ये ब्रिटनच्या विल्यम ब्रिटन कंपनीने आतून पोकळ शिशाचे ५४ मिलिमीटरचे शिपाई काढले आणि ते स्वस्त झाले. १९५९ पासून एअरफिक्सचे इवलेसे प्लॅस्टिकचे शिपाई आले. जपानच्या तामियाने साठच्या दशकाच्या सुरुवातीला पँथर रणगाडा काढला तेव्हा त्यात मोटर आणि बॅटऱ्या बसल्या पाहिजेत म्हणून आकार ठरवला, नंतर मोजलं तर माप १/३५ निघालं. जगभरच्या दुसऱ्या महायुद्धाच्या देखाव्यांचं आजचं सर्वमान्य माप दोन बॅटऱ्यांच्या जागेवरून ठरलं आहे. सत्तरच्या दशकात अमेरिकेत शेपर्ड पेन आणि पुढे बेल्जियमचे फ्रान्स्वा व्हर्लिंडेन यांनी चिखल, गंज, धूळ आणि थकलेली माणसं या खेळण्यांत आणली. पातळ काळपट रंग खाचांत सोडायचा, सुकत आलेला कुंचला उंचवट्यांवरून फिरवायचा; ही युक्ती तेव्हापासून घरोघरी पोचली.

आपल्याकडे पुतळ्यांचा देखावा आला तो संग्रहालयातून आणि गणपतीतून. भायखळ्याच्या, आज भाऊ दाजी लाड यांचं नाव असलेल्या संग्रहालयात मातीच्या छोट्या माणसांतून गावगाडा आणि धंदे मांडलेले आहेत. सार्वजनिक गणेशोत्सवाने मंडपात पौराणिक आणि ऐतिहासिक देखावे आणले, चाकरमानी ती हौस गावच्या मखरापर्यंत घेऊन गेले. २०१८ च्या बंदीनंतर थर्माकोल गेलं आणि पुठ्ठा, कागदाचा लगदा, गोणपाट परत आलं. देखावेवाल्याचं त्यात नुकसान झालं असं मला वाटत नाही. जांभ्याचा खरबरीतपणा थर्माकोलला कधी साधलाच नव्हता.

हाताचं कसब शिकायला मात्र पेणला जावं. तिथल्या गणपतीच्या कारखान्यात साचा, शाडू, घासकाम, रंग हे सगळं होऊन मूर्ती शेवटी डोळ्यांच्या आखणीसाठी ज्याच्यापुढे जाते, तो माणूस श्वास रोखून दोन रेघा मारतो आणि माती पाहायला लागते. १/३५ मापातल्या पाच सेंटिमीटरच्या शिपायाचे डोळे रंगवताना पुस्तकी सूचना एकीकडे आणि त्या आखणीकाराचं मनगट टेकवणं एकीकडे.

तर मग कोकणातली लढाई मापात कशी करायची? बाजारात सहज मिळणाऱ्या खोक्यांत जर्मन पायदळ आहे, शेर्मन रणगाडा आहे, मला गुराब, म्हणजे आपल्या जुन्या आरमाराचं मोठं लढाऊ जहाज, काही सापडलेली नाही. ती स्वतःच बांधावी लागते. अठराव्या शतकातली इंग्रजी वर्णनं त्याला पुरतात: दोन किंवा तीन डोलकाठ्या, मधे रुंद आणि पुढे निमुळती होत जाणारी, नाळ, म्हणजे जहाजाचं पुढचं टोक, बुटकी आणि लांब पुढे आलेली, नाळेवरून समोर मारा करणाऱ्या दोन तोफा. गलबत तिच्याहून बरंच लहान, चाळीस-पन्नास वल्ह्यांचं, हलक्या तोफांचं. वारा पडला की गुराबेला गलबतं ओढून नेत.

अलिबागजवळच्या थळच्या किनाऱ्यावर उभं राहिलं की समोर खांदेरी-उंदेरी ही बेटं दिसतात. १६७९ च्या पावसाळ्याअखेर महाराजांनी खांदेरीवर तट बांधायला घेतला. बेटावर मायनाक भंडारी, समुद्रावर दौलतखान. मुंबईच्या इंग्रजांना तो तट आपल्या बंदराच्या तोंडावरचं बूच वाटला आणि त्यांनी गलबतं आडवी घातली. १८ ऑक्टोबरच्या पहाटे मराठ्यांची चाळीसहून अधिक गलबतं चौलच्या उत्तरेकडच्या किनाऱ्यावरून, नाळेच्या तोफा डागत, इतक्या वेगात आली की इंग्रजांना नांगर उचलायला जेमतेम वेळ मिळाला. अर्ध्या तासाच्या आत 'डव्ह' या त्यांच्या गुराबेने निशाण उतरवलं. कॅप्टन केग्विनचं 'रिव्हेंज' मात्र लढत राहिलं. पुढच्या जानेवारीपर्यंत इंग्रज हटले, खांदेरी राहिली.

हा तपशील बराचसा इंग्रजांच्या कागदांतला आहे, म्हणजे आपण त्यांच्या डेकवरून पाहतोय. देखाव्याला हे चालतं. पहाट आहे, गलबतं जमिनीकडून येतायत, म्हणजे उजेड मराठ्यांच्या पाठीमागून आणि इंग्रजांच्या डोळ्यांत. बसून वल्हं ओढणाऱ्याची पाठ नेहमी पुढच्या दिशेला असते, तेव्हा शत्रूकडे तोंड फक्त तोफेजवळच्यांचं आणि सुकाण्यावरच्याचं. कपडे नाटकातल्या मावळ्याचे नकोत. आरमारात कोळी, भंडारी, मुसलमान खलाशी होते, डोक्याला रुमाल आणि कमरेला आखूड वस्त्र एवढ्यावर वल्हं मारता येतं. चिलखत घालून मारून पाहा.

मग मापाचा हिशेब. १/७२ धरलं तर माणूस २४ मिलिमीटर, पंचवीस मीटरची गुराब ३५ सेंटिमीटर, पण दोन जहाजांमधलं तीनशे मीटरचं अंतर चार मीटरच्या वर जातं. ओटीच मोडावी लागेल. १/३०० धरलं तर तेच अंतर टेबलावर एक मीटरमध्ये बसतं, गुराब ८ सेंटिमीटर होते, माणसं सहा मिलिमीटरच्या आत येतात आणि मायनाक भंडारी ठिपका होतो. आरमार हवं की चेहरे, हे आधी ठरवायचं. मी 'डव्ह'चं निशाण उतरतानाची घटका धरली, १/७२ मध्ये, भोवती फक्त तीन गलबतं. बाकीची प्रेक्षकाने धरून चालायची.

विजयदुर्गाचा मोह मी टाळला. १२ फेब्रुवारी १७५६ ला इंग्रज ॲडमिरल वॉटसनच्या तोफांचा एक गोळा 'रिस्टोरेशन' या, पूर्वी इंग्रजांकडून पकडलेल्या, जहाजावर पडला, आणि तिथून आग पसरत तुळाजी आंग्र्यांचं सगळं आरमार जळलं. दुसऱ्या दिवशी किल्ला पडला. चित्रकारांना तो प्रसंग फार आवडला, डॉमिनिक सेरेसने तो रंगवलाही. कापसाच्या धुरात नारिंगी दिवा लावला की देखावा वाहवा मिळवतो. पण त्या आगीला इंग्रजांच्या बाजूने असलेल्या पेशव्यांचंही सरपण होतं, हे टेबलावर कसं मांडायचं ते मला अजून जमलेलं नाही. आदल्या वर्षी सुवर्णदुर्ग घेणाऱ्या कमोडोर जेम्सच्या विधवेने तर लंडनजवळच्या टेकडीवर १७८४ मध्ये 'सेव्हर्नड्रूग' नावाचा बुरूजच बांधला. हर्णैच्या किल्ल्याचं नाव तिकडे असं वाकडं होऊन उभं आहे.

तट रंगवण्यापूर्वी मुरूडला जाऊन पद्मदुर्ग पाहून आलो. तिथे लाटांनी आणि वाऱ्याने दगड खोल खाल्लाय, दगडांमधला चुना मात्र जाळीसारखा पुढे उभा आहे. नेहमीच्या पद्धतीने सांध्यांत काळा रंग सोडला असता तर नेमकं उलटं झालं असतं. अर्थात माझ्या देखाव्यातली खांदेरी १६७९ ची, तट अजून अर्धवट, दगड नवा. म्हणजे ही झीज दाखवायचीच नाही. एवढं बघून आलो आणि उपयोग शून्य.

वाळूही अशीच फसवते. थळची अर्ध्या मिलिमीटरची वाळू १/७२ मध्ये साडेतीन सेंटिमीटरचे गोटे होते, म्हणून जांभा कुटून वस्त्रगाळ करावा लागला. राहिला समुद्र. त्यासाठी आणलेली निळ्या रंगाची बाटली मी ऑक्टोबरच्या एका पहाटे थळला जाऊन आल्यापासून उघडलेली नाही. खाड्यांचा गाळ अजून बसलेला नव्हता, पाणी राखाडी आणि तांबूस यांच्या मधलं काहीतरी होतं, आणि खांदेरीच्या दिव्यापर्यंत निळं असं काहीच नव्हतं.